बिअरमधलं बीफ पाऊण तासात होत नाही, आणि दारू पूर्ण उडूनही जात नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत थंडीतल्या परदेशी पदार्थांवर जो मोठा लेख आला होता, त्यातल्या 'काळ्या बिअरमधला आयरिश बीफ स्ट्यू' या रेसिपीबद्दल लिहितेय. मी मूळची वसईची, ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मराठी ख्रिस्ती समाजातली, गेली तेरा वर्षं बेल्जियममध्ये गेंटला राहते, तुमचा पेपर रोज सकाळी कामावर जाताना मोबाईलवर वाचते आणि पुरवणी तर सगळ्यात आधी उघडते. मराठी पेपरात बिअरमध्ये शिजवलेल्या बीफबद्दल कुणीतरी मोकळेपणाने लिहिलंय हे बघून इतका आनंद झाला की मी तो लेख आईला, मावशीला, सगळ्यांना पाठवला, आणि मग दुपारी शांतपणे परत वाचला तेव्हा राहवेना.

लेखात चार गोष्टी आहेत. मांस एकदम कोवळं, बिनचरबीचं घ्या. बिअर काळी असली की झालं, कुठलीही चालेल. कुकरला पाऊण तास लावा. आणि शेवटी, बिअरमधली दारू शिजताना पूर्ण उडून जाते त्यामुळे लहान मुलांना, न पिणाऱ्यांना कुणालाही बिनधास्त वाढा. पहिल्या तीन गोष्टींनी फार तर एक किलो मांस आणि एक रविवार वाया जाईल, पण चौथ्या गोष्टीने खरंच कुणाला तरी त्रास होऊ शकतो आणि तसा तो माझ्या घरी झालेला आहे, म्हणून एवढं लांबलचक पत्र.

आधी नावाचा घोळ. आयरिश स्ट्यू म्हणतात तो मुळात मेंढीच्या मांसाचा, बटाटा आणि कांदा घालून केलेला पांढुरका रस्सा, त्यात बिअर नसते. गिनेस ही आयर्लंडची काळी बिअर घालून करतात तो बीफचा स्ट्यू आयर्लंडचाच पण वेगळा, त्यात गाजर वगैरे गोडसर भाज्या आणि सोबत स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेलं पाणी असतं, कारण गिनेसचा काळा रंग भाजलेल्या बार्लीतून येतो आणि त्या भाजलेपणाचा कॉफीसारखा कडवटपणा नुसता सोसत नाही, त्याला काहीतरी गोड लागतं. आणि तुमच्या लेखात जो फोटो आहे, गडद तपकिरी, चकाकणारा रस्सा, बाजूला बटाट्याचे तळलेले लांब तुकडे, गाजराचा पत्ता नाही, तो आमच्या इथला फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या उत्तरेकडच्या डच बोलणाऱ्या भागातला, पदार्थ आहे. त्या भागात, फ्लँडर्सभर, त्याला स्टोफव्लेस म्हणतात, गेंटमध्ये स्टोवरै, आणि फ्रेंच बोलणारे कार्बोनाद. यात पाणी नाही, टोमॅटो नाही, भाजी म्हणाल तर फक्त कांदा, आणि रस्सा म्हणजे सगळी बिअरच. त्यामुळे बिअर कुठली आणि शिजवायचं किती वेळ यावरच सगळं उभं असतं.

मी हे शेजारच्या आजींकडून शिकले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, मला फ्लेमिश तेव्हा धड येत नव्हतं, त्यामुळे त्या बोलायच्या कमी आणि दाखवायच्या जास्त. शनिवारी संध्याकाळी शिजवायचं, रविवारी दुपारी खायचं, हा त्यांचा नेम. भांडं बिडाचं, आतून पांढरं मुलामा दिलेलं, इतकं जड की दोन्ही हातांनी उचलावं लागायचं. मांस खांद्याचं नाहीतर पायाच्या पोटरीचं, कधी गालाचं मिळालं तर आजी खूश. म्हणजे ज्या भागाने जनावर आयुष्यभर चाललंय, चघळलंय, ज्यात पांढरे पडदे आणि शिरा दिसतात तोच. हे पडदे बघून आपण खाटकाला म्हणतो 'हे काढून द्या', आजी उलट तेच मागून घ्यायच्या. आपल्याकडे पायाचा रस्सा गार झाला की कसा थलथलीत गोठतो, ते ज्याने बघितलंय त्याला हे लगेच कळेल, तो जो चिकटपणा आहे तोच हळूहळू या पडद्यांमधून सुटतो आणि त्यानेच रस्सा ओठाला लागतो. कोवळ्या, बिनचरबीच्या मांसात तो फारसा नसतो, त्यामुळे ते तीन तास शिजवलं तर नुसता दोरा होतो.

एक किलो मांसाचे लिंबाएवढे तुकडे, लहान नकोत कारण शिजताना आक्रसतात. ते कपड्याने अगदी कोरडे पुसायचे. मग भांड्यात बटर, ते फेसाळतं आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज बसतो, तो आवाज बसला की मांस टाकायचं, पण सगळं एकदम नाही, तीन घाण्यांत. इथे मी पहिल्यांदा घाई केली आणि सगळं एकदम लोटलं तर आजींनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि भांड्यात बोट दाखवलं, खाली पाणी सुटलेलं होतं, मांस भाजायच्या ऐवजी उकडत होतं आणि राखाडी पडत चाललं होतं. गर्दी झाली की असं होतं. जागा ठेवून टाकलं, तीन-चार मिनिटं त्याला हात लावला नाही, की खालची बाजू खरपूस होते आणि आपोआप सुटून येते. भांड्याच्या तळाला जी काळपट खरवड धरते ती घासून टाकायची नाही, तीच पुढे रश्शाचा रंग आहे.

मांस काढून त्याच भांड्यात चार मोठे कांदे उभे चिरून, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आपल्या वाटपाला कांदा परततो तसा लालसर होईपर्यंत, पण जाळायचा नाही. दोन चमचे मैदा भुरभुरायचा, मांस परत टाकायचं आणि वरून बिअर, ३३० मिलीच्या दोन बाटल्या, एकदम ओतायची नाही कारण फेस भांड्याबाहेर येतो. ओतता ओतता लाकडी उलथन्याने तळ खरवडत जायचं. त्या क्षणी जो वास येतो, भाजलेलं मांस, कांदा आणि जरा जळक्या पावासारखा, तो मला अजून कुठल्याच दुसऱ्या पदार्थात मिळालेला नाही. मग थाईमच्या दोन काड्या, दोन लवंगा, एक चमचा ब्राऊन शुगर आणि तमालपत्र. इथलं तमालपत्र म्हणजे लॉरेलचं पान, आपल्या तमालपत्राचं झाड वेगळं, त्याला दालचिनी-लवंगेच्या अंगाचा वास असतो, आपलं वापरलं तरी चालतं पण मग लवंग घालू नका. थाईम नसेल तर चिमूटभर ओवा, चिमूटभरच, दोघांच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे पण ओव्याचा जोर फार.

आणि सगळ्यात वर पावाची एक जाड स्लाईस, तिला मोहरीची पेस्ट भरपूर फासून, मोहरीची बाजू खाली करून, भांड्यावर झाकणासारखी ठेवायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं आजी विसरून ठेवतायत. तासाभरात तो पाव विरघळतो आणि रस्सा आळून येतो. गेंटला ग्रून्टनमार्क्ट या चौकात मोहरीचं एक दुकान आहे, टीरेन्टाइन, १७९० पासूनचं, तिथे मोहरी लाकडी पिंपातून मातीच्या बरणीत भरून देतात. हळद नाही, गोडवा नाही, झाकण उघडलं की थेट नाकात जाते. आपल्याकडे लोणच्याला फेसलेली मोहरी घालतो तिचा झणका आठवा, अगदी तोच. तुमच्या लेखात 'हवी असल्यास मोहरी' असं लिहिलंय, हवी असल्यास नाही हो, तिच्याशिवाय हे होतच नाही.

आता वेळ. झाकण जरासं तिरकं, आच इतकी कमी की वर अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटावा, रटरटायला लागलं तर मांस आवळून बसतं. तीन तास लागतात, कधी अडीच. पहिल्या तासानंतर तुकडा चाखला तर तो कच्च्यापेक्षा चिवट लागतो आणि नवीन माणूस तिथेच धीर सोडतो, मीसुद्धा म्हणाले होते की आजी हे काही शिजत नाही, त्यांनी नुसतं घड्याळाकडे बघितलं. दोन तासांनी सैल पडतं, तिसऱ्या तासात चमच्याने तुटतं. तुम्ही म्हणाल कुकरने मांस पाऊण तासातच मऊ होतं. होतं, मी नाकारत नाही, पण कुकरमधून जेवढं ओतलं जवळपास तेवढंच बाहेर येतं, रस्सा आळत नाही, पातळ बिअर पातळ बिअरच राहते आणि तिची चव मांसात न मुरता वेगळी लागत राहते. शेवटी एक चमचा व्हिनेगर, मग गॅस बंद, रात्रभर तसंच. दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर जे होतं ते पहिल्या दिवसाच्या दुप्पट चांगलं. सोबत तळलेले बटाटे, इथे ते दोनदा तळतात, एकदा मंद तापल्या चरबीत आणि गार करून पुन्हा कडकडीत, आणि रस्सा त्यांच्यावर ओतून खातात.

बिअर कुठलीही चालत नाही हे मी माझ्या पैशाने शिकलेय. दुसऱ्याच वर्षी आजींना न विचारता एक काळी बिअर घेऊन आले, बाटलीवरचं चित्र छान होतं एवढंच बघितलं. ती भरपूर हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, बिअर निघाली, प्यायला बरी असेल, पण तीन तासांनी रस्सा कडूजहर. साखर घातली, गाजर घातलं, पाणी घालून पुन्हा आटवलं, काही उपयोग झाला नाही आणि एक किलो मांस टाकून द्यावं लागलं, त्याचं वाईट मला अजून वाटतं. आटवताना पाणी उडून जातं, हॉप्सचा कडूपणा भांड्यातच राहतो, म्हणजे रस्सा निम्मा झाला की तोच कडूपणा जवळजवळ दुप्पट. म्हणून बिअर माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची चव पुढे असलेली, गोडसर, कमी कडू हवी. इथे वेस्टमाल्ले डुबेल किंवा लेफची ब्राऊन घेतात, नाहीतर औदेनार्दे गावाकडची आंबटगोड जुनी ब्राऊन. यातली वेस्टमाल्ले मठातली आहे, ट्रॅपिस्ट साधूंच्या मठाच्या भिंतीआड बनते. बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली तेव्हा आजींना मी ती बातमी वाचून दाखवली, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

आपल्याकडे दुकानात सर्रास मिळते ती पिवळी लागर, ती यात घालू नका, पातळ कडू पाणी होतं. काळी न मिळाल्यास बिअरचा हट्टच सोडा.

आता मुद्द्याचं. दारू पूर्ण उडून जाते हे खोटं आहे. मीही आधी तेच समजत होते, सगळेच समजतात, आणि त्याच समजुतीने मी एका रविवारी ओळखीतल्या एका दादांना हे वाढलं. त्यांची दारू सुटून तीन वर्षं झाली होती, खूप मोठ्या कष्टाने सुटली होती, हे मला माहीत होतं आणि तरी मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं शिजलंय तर सांगायचं काय. त्या दिवशी उशीर झाला होता म्हणून मी कुकरच लावला होता. दादांनी पहिला घास तोंडाजवळ नेला, थांबले, चमचा ताटात ठेवला आणि मला विचारलं, ताई यात काय आहे. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पाणी प्यायले, उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरू शकत नाही. नंतर दोघांची माफी मागितली, त्यांनी ती मोठ्या मनाने दिलीही, पण तो अनुभव कुणाच्या घरी येऊ नये.

त्यानंतर मी शोधून वाचलं. अमेरिकेच्या शेती खात्याचा एक तक्ता आहे, पदार्थात मिसळून शिजवलेल्या दारूतली किती उरते याचा. १५ मिनिटं शिजवलं तर ४० टक्के उरते. अर्ध्या तासाने ३५ टक्के, तासाने २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के. शून्य कुठेच नाही. आता हिशोब करा, ७ टक्क्यांची ६६० मिली बिअर म्हणजे साधारण ४६ मिली शुद्ध अल्कोहोल. अडीच तासांनी त्यातलं जेमतेम सव्वादोन मिली उरतं, ते सहा माणसांत. तुमच्या पाऊण तासाच्या रेसिपीत, तक्त्याच्याच हिशोबाने, १३-१४ मिली उरतं, आणि बंद कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही म्हणजे आणखी जास्तही उरू शकतं. हे काही चढण्याइतकं नाही, मला घाबरवायचं नाहीये. पण ज्याने सोडलीय त्याला मिलीलिटरचा प्रश्नच नसतो, त्याला वास पुरतो. धर्माने जो घेत नाही त्याला थेंबही नको असतो. कुणाला अशा गोळ्या चालू असतात ज्यांच्यावर डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद सांगितलेली असते. गरोदर बाई असते, लहान मुलं असतात. यांच्या ताटात काय आहे हे त्यांना विचारून वाढायचं, पेपरात 'बिनधास्त' असं छापून येतं तेव्हा हजारो स्वयंपाकघरांत तो प्रश्न विचारला जात नाही.

आता मी काय करते तेही सांगते. न पिणारं कुणी येणार असेल तर बिअर बाजूला. कांदा जास्त घेऊन अजून अर्धा तास परतायचा, हाडांचा स्टॉक घट्ट काढायचा, दोन-तीन काळे खजूर आणि किंचित चिंच, मोहरीचा पाव तसाच. चव तीच येते असं मी म्हणणार नाही, पण तीन तासांनी मांस तितकंच मऊ होतं, रस्सा तितकाच ओठाला लागतो, आणि दादा परवा आले तेव्हा दोनदा मागून जेवले.

मांसाबद्दलही लेखात एक ओळ हवी होती. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे, तुमचा लेख वाचून कुणी पुण्यात बीफ शोधत फिरणार असेल तर त्याला हे सांगायला नको का. म्हशीचं, म्हणजे बड्याचं, त्या बंदीत नाही आणि या पदार्थाला ते छान चालतं, उलट त्याचा दणकट तंतू तीन तास मस्त सोसतो, फक्त चरबी कमी असते म्हणून बटर जरा सढळ हाताने. जे खात नाहीत त्यांनी मटणाच्या नळ्या घ्याव्यात, दीड-दोन तासांत होतं. आमच्या घरी माझ्या लहानपणी रविवारी मिस्साहून आल्यावर बाटली मसाल्यातलं बीफ असायचं, आता आई तेच बड्याचं करते.

बाटली मसाल्यावरून एक सांगते. एप्रिल-मे आला की आमच्याकडे अंगणात मिरच्या वाळत पडायच्या, मग भाजणं, कांडणं, आणि शेवटी तो मसाला बिअरच्या रिकाम्या तपकिरी बाटल्यांमध्ये काठीने दाबून दाबून भरायचा. वासाने शेजारपाजारच्यांना ठसका लागायचा. मी आईला विचारायचे की साध्या काचेच्या बाटलीत का नाही भरत, ती म्हणायची उजेडाने मसाल्याचा रंग उडतो. इथे येऊन कळलं की बिअर स्वतःही त्याच कारणासाठी तपकिरी बाटलीत भरतात, उजेडाने हॉप्सला घाण वास येतो. आजींच्या घरून मी दर वेळी दोन रिकाम्या बाटल्या धुवून घेऊन येते, आणि वसईहून येताना आईने दिलेला मसाला त्यात भरते. गेल्या थंडीत आजींनी तो हुंगून बघितला आणि स्वतःहून अर्धा चमचा स्टोवरैमध्ये टाकला. मला धक्काच बसला, कारण त्या एक लवंगसुद्धा जास्त पडू देत नाहीत.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच अक्षरात, 'शिजवल्यावर दारू पूर्ण उडून जात नाही, पाहुण्यांना आधी विचारा' ही दुरुस्ती छापा. कुकर आणि मोहरीचं जागा असेल तर छापा, नसेल तर राहू द्या, पण हे एक वाक्य नक्की.

आपली नियमित वाचक,
वसईकर, मुक्काम गेंट, बेल्जियम